लाल, लाल आणि तपकिरी

जळक्या रेझिस्टरला एक खास वास असतो. गोडसर, तिखट, थोडा भाजलेल्या रंगासारखा. तो ज्याने एकदा घेतला तो जन्मभर विसरत नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास आधी रेडिओ आणि मग टीव्ही दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे हा वास मला झोपेतही ओळखता येतो. पण तो कधी इंग्लंडमध्ये, गुलाबाच्या झाडांवरून आणि लाकडी कुंपणापलीकडून येईल असं वाटलं नव्हतं.

२०१६ चा उन्हाळा. मुलीकडे लेस्टरला आलो होतो. व्हिसा सहा महिन्यांचा. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले, पुढचे पंधरा फिरण्यात, आणि मग रिटायर्ड माणसाचं परदेशात जे होतं ते झालं. मुलगी-जावई सकाळी कामावर, नात शाळेत, आणि मी खिडकीपाशी. घरातला टोस्टर दोनदा उघडून पुन्हा बसवून झाला होता. तिसऱ्यांदा उघडायला घेतला तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तो बिघडलेला नाहीये.’’

अशा एका दुपारी तो वास आला. मी कुंपणापाशी जाऊन, ज्याला इथे सभ्यपणा म्हणत नाहीत अशा रीतीने, टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. शेजारच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत एक मोटार होती. म्हणजे मोटार होणार होती. लोखंडी नळ्यांची चासी, लांबट नाक, दार नाही, छप्पर नाही, जमिनीपासून वीतभर उंच. आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे झालेले एक सत्तरीचे गृहस्थ. त्यांचे फक्त पाय दिसत होते.

‘‘तुमचा रेझिस्टर जळतोय,’’ मी म्हणालो.

पायांनी उत्तर दिलं, ‘‘मला माहीत आहे. पण कोणता?’’

ही आमची ओळख. हे गृहस्थ पेशाने सुतार. जिने, दरवाजे, चर्चमधली बाकं असली कामं आयुष्यभर केलेली. माझी नात त्यांना ‘गॅरेजवाले आजोबा’ म्हणायची, मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांपैकी तीन ही गाडी बांधण्यात गेली होती.

आपल्याकडे गाडी ‘घेतात’. तिथे काही लोक ती ‘बांधतात’. कंपनीकडून खोक्यांमधून सुटे भाग येतात, त्यात चासी, पत्रे, फायबरचे मडगार्ड असतात. इंजिन, गिअरबॉक्स, डायनामो वगैरे ऐवज एखाद्या भंगारात निघालेल्या गाडीतून काढायचा. गॅरेजवाल्या आजोबांनी त्यासाठी एक जुनी फोर्ड सिएरा घेतली होती. याला म्हणतात किट कार. या प्रकाराचं मूळ थोडं गमतीचं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. कॉलिन चॅपमन या हुशार इंजिनिअरने आपल्या लोटस गाड्या सुट्या भागांत विकायला सुरुवात केली. १९५७ मध्ये आलेली त्याची ‘लोटस सेव्हन’ या सगळ्या जातीची आई म्हणायला हरकत नाही. किटबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत, म्हणून चॅपमनने म्हणे गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचायच्या! खरं-खोटं चॅपमन जाणे, पण ही गोष्ट तिथे प्रत्येक गॅरेजात सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि कराची ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. हौस मात्र बंद झाली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी असं सांगणारं पुस्तक आलं आणि पुन्हा शेकडो गॅरेजांमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या.

आपल्याकडे या जातीची गाडी अगदीच अनोळखी नाही. अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या कंपनीने सेव्हनच्या वळणाची, कॉन्टेसामधलं १८०० सीसीचं इसुझू इंजिन घातलेली रोडस्टर बनवली होती. मांडव्याच्या बाजूला जाणाऱ्यांपैकी कुणी ती पाहिलीही असेल. पण घरच्या घरी गाडी बांधून ती आरटीओकडे नेणं ही आपल्याकडे कल्पनाच करायची गोष्ट.

तर डॅशबोर्ड. तो त्यांनी स्वतः केला होता, आणि मी आजवर पाहिलेल्या लाकूडकामात तो पहिल्या पाचांत बसेल. अक्रोडाच्या लाकडाचा पातळ थर, त्याच्या रेषा डावीकडून उजवीकडे पाण्यासारख्या वाहत गेलेल्या, आणि त्यात ओळीने बसवलेली सात गोल, स्टीलची बटणं. प्रत्येक बटणाच्या कडेला प्रकाशाचं कडं. बटण दाबलं की कडं उजळतं. हेडलाइट, अप्पर, मागचा फॉग लॅम्प, धोक्याचे दिवे, हीटरचा पंखा, हॉर्न आणि सेल्फ. दुकानात मिळणारे प्लास्टिकचे खटके त्या लाकडावर शोभले नसते हे मलाही पटलं.

पण सुताराचा हात विजेपाशी येऊन अडला होता. या बटणांतल्या कड्यात एलईडी असतो. तो काही साध्या बल्बसारखा नाही. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या वर थोडे. गाडीची बॅटरी म्हणायला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना तारांमध्ये १४ च्या वर असतात. मधले दहा-बारा व्होल्ट कुणीतरी अंगावर घ्यायला हवेत. ते काम रेझिस्टरचं. धरणाच्या दारासारखा तो प्रवाह अडवून धरतो, आणि अडवल्याची किंमत म्हणून स्वतः तापतो. आजोबांनी पहिलं बटण सरळ बॅटरीला जोडलं होतं. ‘‘फार सुंदर उजळलं,’’ ते म्हणाले. ‘‘एकदाच.’’

मग त्यांना कुणीतरी सांगितलं, २२०० ओहमचा रेझिस्टर घाल. सल्ला योग्य होता. हिशेब असा: १४.४ मधून एलईडीचे २ वजा केले, उरले १२.४; त्याला २२०० ने भागलं की साडेपाच मिलिअँपियर. एलईडी २० पर्यंत सोसतो, पण उघड्या गाडीत रात्री डोळ्यांसमोर सात कडी भगभगायला नकोत, मंद हवीत. सगळं बरोबर. तरीही काही बटणं मंद, काही लखलखीत, एक मेलेलं, आणि एका रेझिस्टरचा मला कुंपणापलीकडे वास.

मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, रेझिस्टर इतका बारका असतो की त्यावर आकडे छापत नाहीत, रंगांचे पट्टे असतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, असं पांढऱ्या नऊपर्यंत. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने हे ‘बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ’ असं घोकून पाठ केलेलं. (गॅरेजवाल्या आजोबांना हे रॉयसाहेब माहीत नव्हते. ग्रेट ब्रिटनमध्ये राहूनसुद्धा!) लाल-लाल-लाल म्हणजे २२००. लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२०, दहापट कमी. त्यांनी सातपैकी तीन ठिकाणी लाल-लाल-तपकिरी लावले होते. त्या रेझिस्टरची ताकद पाव वॅट, आणि त्याच्यावर पडत होता अर्धा वॅट. तो वास मारणार नाही तर काय करील?

मला वाटलं, वय झालंय, गॅरेजात उजेड कमी, चष्मा बदलायला झाला असेल. मी काही बोललो नाही, तिन्ही बदलले. संध्याकाळी नात शाळेतून आली तेव्हा सातही कडी सारख्या तेजाने उजळत होती. मी कौतुकाने पाहत होतो आणि सहज म्हणालो, ‘‘फॉग लॅम्पच्या बटणाला हिरवा दिवा कसा लावलात? चाचणीत चालेल का?’’

‘‘तो पिवळा आहे,’’ आजोबा म्हणाले.

‘‘नाही हो. हिरवा आहे.’’

ते काही क्षण गप्प राहिले. मग माझ्या नातीकडे वळून त्यांनी विचारलं, ‘‘बाळ, हा कोणता रंग?’’

‘‘ग्रीन!’’ तिने शाळेतल्यासारखं उत्तर दिलं.

ते स्टुलावर बसले. हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले, तो स्वच्छच होता. मग सांगितलं. सोळाव्या वर्षी त्यांना रेल्वेत जायचं होतं. रंगांच्या चाचणीत नापास झाले. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांच्यातल्या सीमारेषा त्यांना दिसतच नाहीत. सुताराच्या धंद्यात त्याने अडलं नाही; लाकूड ते हाताने ओळखत. घरातले रंग बायको बघायची, कपाटात शर्ट-पँटच्या जोड्या लावून ठेवायची. ‘‘गाडीचं ठरवलं तेव्हा ती होती,’’ ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रंगांधळेपणा काही दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांतल्या एकाला तो कमी-अधिक असतो. स्त्रियांत फार थोड्या. अणुसिद्धान्तवाला जॉन डाल्टन याला स्वतःलाच तो होता आणि १७९४ मध्ये त्याने त्यावर निबंध वाचला. पण रंगांधळ्या माणसाने गाडीचं वायरिंग करायला घेणं म्हणजे अंधारात तांदूळ निवडणं. ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार म्हणजे थेट बॅटरीची, फ्यूजशिवाय. हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, फ्यूजमधून आलेली. काळी अर्थिंगची. हिरवीवर लाल रेघ डाव्या इंडिकेटरची, हिरवीवर पांढरी रेघ उजव्या. तपकिरी आणि हिरवी यांची अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला मी हवा असं नाही. अग्निशमन दलही सांगेल.

दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. मी रंग सांगायचा, आजोबांनी जोडायचं. प्रत्येक रेझिस्टर आधी मल्टिमीटरवर मोजायचा. आकड्याला रंग नसतो. आणि प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी. ते काम नातीने मागून घेतलं. त्या सुट्टीत मी तिला मराठी अक्षरं शिकवत होतो, त्यामुळे चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला, वेड्यावाकड्या वेलांट्यांसकट, हिरवा, तपकिरी, जांभळा. वर चिकटपट्टी. ‘जांभळा’चा ळ तिला जमेना, तिथे तिने एक फुलपाखरू काढलं.

बटणांमागे आम्ही रिले बसवले. हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडेही हौसेने जादा हेडलाइट लावणारे इथेच फसतात. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपियर खेचतात. एवढा प्रवाह नाजूक बटणातून नेला तर त्याचे पॉइंट जळतात. बटणाने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. वजन रिलेने उचलायचं. बटणाच्या वाट्याला थोडासाच प्रवाह येतो. फॉग लॅम्पचं कडं बदलून अंबर, म्हणजे मधासारखं पिवळं केलं. अप्परचं निळं, धोक्याचं लाल. असल्या गाडीला रस्त्यावर आणायचं तर २००९ पासून तिथे आयव्हीए नावाची चाचणी द्यावी लागते, आणि परीक्षक हे रंग तर पाहतातच, इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळाच लुकलुकतो का तेही मोजतात, डॅशबोर्डची कड धारदार नाही ना, तिला अडीच मिलिमीटरची तरी गोलाई आहे ना, तेही बघतात. त्या शेवटच्या बाबतीत आजोबा निर्धास्त होते. गोलाई हा त्यांचा प्रांत.

ऑगस्टच्या शेवटी इंजिन सुरू झालं. आवाज ऐकून गल्लीतली चार माणसं बाहेर आली, ही तिथल्या मानाने गर्दीच. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चाचणीची तारीख मिळाली. माझं विमान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. सगळं जुळून येत होतं, आणि तेव्हाच बॅटरी उतरायला लागली.

रात्री चार्ज करायची, सकाळी इंजिन सुरू करायचं, अर्ध्या तासाने बॅटरी खाली. मीटर लावला तर इंजिन चालू असताना बारा व्होल्ट आणि वर थोडेसे. चौदा हवेत. म्हणजे अल्टरनेटर काही देतच नव्हता. भंगारवाल्याकडून दुसरा आणला. तोही तसाच. आजोबा तिसरा शोधायला निघाले. चाचणीला आठ दिवस उरले होते. चाचणीचं ठिकाण तासाभराच्या अंतरावर आणि गाडी तिथे चालवतच न्यायची होती.

आता मी रेडिओवाला, मोटारीतला नव्हे. पण दोन्ही अल्टरनेटर एकाच पद्धतीने बिघडलेले असावेत यावर माझा विश्वास बसेना. दुकानात शिकलेली एकच गोष्ट अशा वेळी उपयोगी पडते: दोन सेट सारखेच बंद पडले तर सेट तपासू नये, प्लग तपासावा. मी मीटर धरून बसलो आणि आजोबांना म्हटलं, ॲक्सिलरेटर दाबा. आणखी दाबा. इंजिन किंचाळायला लागलं आणि मीटरचा आकडा एकदम उडी मारून १४.२ वर गेला. पाय काढला तरी तिथेच राहिला.

म्हणजे यंत्र चांगलं होतं. त्याला फक्त कुणीतरी उठवायला हवं होतं.

मळ्यातला पंप ज्यांनी चालवलाय त्यांना हे चटकन कळेल. पंप विहिरीतून हजारो लिटर पाणी ओढतो, पण सुरू करण्याआधी त्याच्या पोटात बादलीभर पाणी आपणच ओतावं लागतं. अल्टरनेटरचं तसंच. त्यात कायमचा लोहचुंबक नसतो. आतल्या फिरत्या वेटोळ्याला वीज दिली की ते चुंबक बनतं. एकदा फिरायला लागल्यावर ती वीज तो स्वतःच बनवतो, पण पहिला घोट बाहेरून हवा. आणि तो घोट येतो कुठून? डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्यातून, किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो त्या दिव्यातून! तिथला जुना बल्ब दोन-सव्वादोन वॅटचा असतो. त्यातून पाऊणदोनशे मिलिअँपियरपर्यंत प्रवाह जातो, आणि अल्टरनेटर जागा होतो. आम्ही त्या जागी नवीन एलईडी लावला होता, २२०० ओहमच्या रेझिस्टरसकट. मीच लावला होता. मोजून, रंग तपासून, लाल-लाल-लाल. त्यातून पाच मिलिअँपियर. बादलीच्या जागी चमचा.

इतकी वर्षं मी आपला समजत होतो की तो दिवा फक्त ‘सांगतो’. तो कामही करतो हे मला त्या दिवशी कळलं. चूक रंगांधळ्या माणसाची नव्हती, डोळस माणसाची होती. मी तसं आजोबांना सांगितलंही. ते हसले आणि म्हणाले, दुसऱ्या अल्टरनेटरचे पैसे मग तुमच्याकडून घेतो. घेतले नाहीत.

खात्रीसाठी सिएराच्या जुन्या पॅनेलमधला बल्ब काढून दोन तारांनी लटकवला. किल्ली फिरवली, लागला. सेल्फ मारला, विझला. मीटरवर १४.२. मग एलईडीच्या जोडीला, समांतर, ६८ ओहमचा रेझिस्टर बसवला. पाव वॅटचा नव्हे, पाच वॅटचा, पांढऱ्या चिनीमातीच्या अंगाचा. किल्ली चालू आणि इंजिन बंद असेल तेवढाच वेळ तो तापतो. पण तेवढ्यातही बोटाला चटका देईल इतका. म्हणून त्याला अक्रोडापासून दूर, चासीच्या लोखंडावर पट्टीने आवळलं. त्याच्यावर आकडे स्पष्ट छापलेले असतात. आजोबांना तो फार आवडला.

चाचणीला मी गेलो नाही. गाडीत दोनच माणसांची जागा, आणि दुसऱ्या जागेवर त्यांच्या हत्यारांची पेटी. सकाळी सहाला ती गाडी गल्लीतून गेली. लाल दिवा लागलेला आणि विझलेला मी फाटकातून पाहिला. संध्याकाळी परत आली ती नापास होऊन. सीटमागे एका बोल्टचं टोक उघडं राहिलं होतं, त्याला टोपी हवी होती. आणि एका हेडलाइटचा रोख चुकला होता. वायरिंगबद्दल एक शब्द नाही. दहा दिवसांनी फेरतपासणीत पास झाली. माझ्या विमानाच्या तीन दिवस आधी त्यांनी मला एक चक्कर मारून आणली. उघड्या गाडीतला तो ऑक्टोबरचा वारा कानात कापूस घालूनही सोसेना.

त्या चकरेत त्यांनी सांगितलं, की फेरतपासणीच्या वेळी परीक्षकाने पुन्हा एकदा डॅशबोर्डखाली बॅटरीचा झोत टाकला आणि विचारलं, या चिठ्ठ्यांवर कोणती लिपी आहे? आजोबा म्हणाले, मराठी. त्याने विचारलं, काय लिहिलंय? तेव्हा त्यांनी बोट ठेवून एकेक वाचून दाखवलं. माझ्या नातीने त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. ‘काला’, ‘हिर्वा’ आणि मग, जो रंग त्यांना जन्मात कधी वेगळा दिसला नव्हता तो, अगदी ठासून: ‘टप्किरी’.

‘‘आणि हे फुलपाखरू?’’ परीक्षकाने विचारलं म्हणे.

‘‘तो जांभळा,’’ आजोबा म्हणाले.